अर्ध्या तासाचं ठिगळ

त्या मुलीला मी स्वतः शिकवलं, ही माझी पहिली चूक. दुसरी पुढे सांगते. तिला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं आहे.

तेव्हा आम्ही नोएडात नवे होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सुटलं आणि इथे सोसायटीत फ्लॅट मिळाला. वर्षभरात वडील गेले. उरलो आई आणि मी. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला मोहरीचं शेत दिसायचं, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती, आणि मधल्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते. त्यातल्याच एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. कंपनी टीव्हीला जोडायचे डबे बनवायची. बाहेरचे चॅनेल देशात आले म्हणून डबे आले, आणि डबे आले म्हणून मला घरापासून दहा मिनिटांवर नोकरी मिळाली.

असल्या डब्याच्या पोटात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते. ती आम्ही विकत आणत नव्हतो. जगभरातल्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेले दोनतीनशे प्रोग्रॅम एकत्र करून ती तयार व्हायची. ते एकत्र करणारं एक साधन होतं, तेही तसंच मोकळं. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमची एक फाइल असे, तिला रेसिपी म्हणत. हा प्रोग्रॅम इंटरनेटवर कुठून उतरवायचा, कुठली आवृत्ती घ्यायची, त्यावर आपल्याकडची कुठली ठिगळं लावायची, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. ऑफिसात ठिगळाला पॅच म्हणत, पण ठिगळ हाच त्याला नेमका शब्द आहे. रेसिपीच्या शेवटी चेकसम. उतरवलेल्या फाइलीवरून काढलेली ती अक्षरांची आणि आकड्यांची लांब ओळ असते. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते आणि साधन तिथेच थांबतं.

या रेसिप्या जिवंत ठेवायचं काम माझं होतं. ते वाटतं तेवढं सोपं नाही. कुणाची साइट बंद पडते, कुणी पत्ता बदलतो, कुणी नवी आवृत्ती काढून जुनी पुसून टाकतो. म्हणून मी ऑफिसच्या सर्व्हरवर एक कोठार केलं होतं. एकदा उतरवलेली प्रत्येक फाइल तिथे ठेवायची, म्हणजे बाहेर काही का होईना, आमचं काम अडत नसे. आईला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कुठला वाणी दुकान बंद करून गेला आणि आता डाळ कुणाकडून आणायची, ते तू बघतेस." मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

कंपनीत या कामाला कुणी विचारत नसे. पडद्यावरची रंगीत बटणं करणाऱ्या मुलांचे बॉस गोडवे गायचा, आणि मला म्हणायचा, "मॅडम, आपका तो सब चलता ही रहता है." चालत राहतं म्हणूनच कुणाला दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार. माझी खरी भूक वेगळीच होती. त्या साधनाची देखभाल करणारे वीसेक लोक जगभर पसरलेले होते. बाकीच्यांनी आपले बदल टपालयादीवर, म्हणजे सगळ्यांना एकदम पोचणाऱ्या ई-मेलवर पाठवायचे, ते वाचून या वीसांपैकी कुणीतरी ते आत घ्यायचा. या लोकांकडे किल्ली असते असं आम्ही म्हणत असू. थेट आत जाऊन बदल करायचा हक्क. तीन वर्षं मी बदल पाठवत होते आणि त्या किल्लीची वाट पाहत होते. एका कंपनीतून एकालाच ती देत. आमच्या कंपनीत दुसरं कुणी हे काम करतच नव्हतं, म्हणजे ती माझीच होती, फक्त अजून मिळायची होती.

सुरुवातीला माझा एक बदल आत गेला होता, त्याचा मला फार अभिमान होता. घड्याळ दाखवणारा एक लहान प्रोग्रॅम होता. तो लिहिणाऱ्याच्या देशात वेळेचा फरक पूर्ण तासांत असणार, कारण आपली वेळ साडेपाच तास पुढे असते यातला 'साडे' त्याच्या गावीच नव्हता. डब्यावरचं घड्याळ अर्धा तास मागे चालायचं. मी आठ ओळींचं ठिगळ लिहून तो अर्धा तास भरून काढला. ठिगळाच्या माथ्यावर माझं नाव होतं. महिन्यातून एकदा तरी मी ती फाइल उघडून नुसती बघत असे.

आणि मग ती आली.

ती लातूरकडच्या एका गावातली. इंजिनिअर झाली होती, पण कलेक्टर व्हायला दिल्लीला आली होती आणि मुनिरक्यात तीन मुलींबरोबर एका खोलीत राहत होती. लेखी परीक्षा दोनदा पास झाली आणि मुलाखतीत दोनदा राहिली. घरून पैसे मागायची लाज वाटते म्हणून आमच्याकडे टेस्टरच्या जागेवर लागली. मुनिरक्याहून नोएडापर्यंत दोन बस बदलून यायची आणि माझ्याआधी जागेवर असायची. पहिल्याच दिवशी मला "ताई" म्हणाली. सगळं ऑफिस मॅडम म्हणत असताना ही मोठ्यांदा ताई. मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

मी तिला रेसिपी वाचायला शिकवलं. ठिगळ कसं लिहायचं, यादीवर पत्र कसं पाठवायचं, तेही मीच सांगितलं. आणि एक नियम बजावून सांगितला. चेकसम जुळली नाही तर रेसिपीत नवी चेकसम घालून मोकळं व्हायचं नाही. जुनी फाइल आणि नवी फाइल दोन्ही उघडायच्या, ओळ न् ओळ ताडून पाहायची, मगच हात लावायचा. हा नियम मी ठेच खाऊन शिकले होते. एकदा घाईत मी नुसती चेकसम बदलून पाठवली, तेव्हा यादीच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "तुम्ही फाइल उघडून पाहिलीत का? नसेल, तर आमचा वेळ का घेतलात?" हजारभर माणसं ती यादी वाचतात. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, आणि हे मी तिला सांगितलं नव्हतं.

गुरूची विद्या गुरूला म्हणतात, ते इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. सहा महिन्यांत तिचे बदल माझ्यापेक्षा पटापट आत जाऊ लागले. मला जे करायला दोन दिवस लागत ते ती दुपारच्या जेवणाआधी करायची, आणि वर मलाच येऊन विचारायची, "ताई, हे बरोबर आहे का?" बरोबरच असायचं. तो खडूस प्रमुख माझ्या बदलांखाली "घेतला" एवढंच लिहायचा. तिच्या बदलाखाली त्यानं एकदा "छान" लिहिलं. तो शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

ऑफिसातलं मी कसंबसं गिळलं असतं. ती घरातही आली. दिवाळीत एकटी असते म्हणून मीच बोलावलं होतं, म्हणजे तीही माझीच करणी. आई कढईपाशी होती, म्हणाली, "झारा दे गं." मी तिला उलथनं दिलं. दिल्लीत वाढलेली मी. घराबाहेर सगळं हिंदी, आणि घरातले कितीतरी मराठी शब्द कधी गळून गेले ते कळलंही नाही. त्या मुलीनं मागून हात घालून झारा काढून आईला दिला. आईचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठावंसं वाटलं. नंतर दोघी तासभर बोलत बसल्या. आईच्या तोंडून मी कधी न ऐकलेले शब्द बाहेर पडत होते, आणि ही त्यांना बरोबर उत्तरं देत होती. आज मी ज्या मराठीत हे लिहिते आहे ती मी चाळिशीनंतर पुस्तकं वाचून कमावली. त्यामागेही त्या दिवशीचा जळफळाट आहे, भाषेवरचं प्रेम वगैरे नंतरचं.

मग दर रविवारी ती यायला लागली. संक्रांतीला सोसायटीतल्या मराठी मंडळींनी पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जायला गाडी केली, तेव्हा आई तिच्याशेजारी बसली. तिथे त्या स्तंभापाशी ही उभी राहून लढाई कशी झाली, सैन्य कुठे उभं होतं, दाणापाणी कसं तुटलं ते सांगत होती. परीक्षेसाठी केलेला सगळा अभ्यास तिला तोंडपाठ. आजूबाजूचे चार लोक ऐकायला थांबले. आई मला म्हणाली, "किती हुशार आहे बघ." मी म्हटलं, "हो, बिल्कुल." माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते गाडीतल्या ढोकळ्यानं नव्हतं.

मार्चमध्ये एका मंगळवारी ती माझ्या टेबलापाशी आली. शनिवार-रविवार तिनं एक उद्योग केला होता. ऑफिसचं कोठार बाजूला ठेवून आपल्या मशीनवर सगळे प्रोग्रॅम बाहेरून पुन्हा उतरवायला लावले होते. आमचं नेट तेव्हा इतकं हळू चालायचं की दोन दिवस लागले. हे खरं तर मी वर्षातून दोनदा तरी करायला हवं होतं. कोठार भरलेलं असलं की बाहेर काय बदललं ते आपल्याला कळतच नाही. मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं, आणि तिला कुणी सांगितलं नसताना तिनं केलं.

"ताई, घड्याळाच्या प्रोग्रॅमची चेकसम जुळत नाही," ती म्हणाली. "आवृत्ती तीच आहे, पण बाहेरची फाइल वेगळी आहे. काय करू?"

माझं घड्याळ. माझं ठिगळ त्याच प्रोग्रॅमवर होतं. तरीही मला पहिलं सुचलं ते भलतंच. मला ते जुनं पत्र आठवलं, हजार माणसांसमोरचं, आणि वाटलं, हिलाही एकदा मिळू दे. एकदाच. म्हणजे "छान" पुसलं जाईल.

"अगं, असं होतच असतं," मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "नवी चेकसम टाक आणि पाठवून दे."

तिनं विचारलं, "बघायला नको?"

"छोटा प्रोग्रॅम आहे यार. टाक आणि पाठव. चलो."

ती "बरं" म्हणून गेली. ही ती दुसरी चूक. मला नियम ठाऊक होता, तो मोडला की काय होतं ते ठाऊक होतं, आणि नेमकं तेच तिला व्हावं म्हणून मी गोड आवाजात खोटं सांगितलं होतं. बुधवारभर मी दर दहा मिनिटांनी यादी उघडत होते. गुरुवारी सकाळीही तेच. चहा घेताना तिच्याशी तिच्या भावाच्या लग्नाबद्दल बोलले, साडी कुठली घेणार ते विचारलं. इतकी चांगली मी तिच्याशी कधीच वागले नव्हते.

गुरुवारी दुपारी तिचं पत्र यादीवर आलं. तिनं दोन्ही फाइली ताडल्या होत्या. प्रोग्रॅमच्या लेखकाला कुणीतरी अर्ध्या तासाबद्दल कळवलं असावं. त्यानं स्वतःच दुरुस्ती केली होती, पण आवृत्तीचा आकडा न बदलता तीच फाइल गुपचूप नव्याने बांधून ठेवली होती. फक्त दोन ओळींचा फरक. आता त्या दोन ओळींवर माझं आठ ओळींचं ठिगळ चढलं की अर्धा तास दोनदा मिळवला जात होता. तिनं डब्यावर चालवून पाहिलं होतं, घड्याळ अर्धा तास पुढे पळत होतं. नुसती चेकसम बदलली असती तर हे साधन वापरून आपल्या देशात बनलेल्या प्रत्येक नव्या डब्यावर नऊच्या बातम्यांना साडेनऊ वाजले असते. तेव्हा तिनं नवी चेकसम घातली होती आणि माझं ठिगळ काढून टाकलं होतं.

खाली तिनं लिहिलं होतं की, न ताडता चेकसम बदलू नये हे मला माझ्या वरिष्ठ सहकारी ताईंनी शिकवलं. मी खरंच शिकले की नाही हे पाहायला या वेळी त्यांनी मला मुद्दाम उलटं सांगितलं. काढलेलं ठिगळही त्यांचंच होतं. इतकी वर्षं त्यानं काम केलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

मी ते तीनदा वाचलं. तेवढ्यात ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली आणि हसली. "ताई, मला अर्धा दिवस कळलंच नाही. मग आठवलं. मुनिरक्यात आमच्या सराव-मुलाखती व्हायच्या ना, तिथे रिटायर्ड साहेब लोक मुद्दाम ठासून चुकीचं सांगायचे. उमेदवार नम्रपणे आपल्या मतावर टिकतो का, ते बघायला. तुम्ही तसंच केलंत."

"अच्छा, कळलं तर तुला," मी म्हणाले.

सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच संताप आला. माझं ठिगळ गेलं होतं. माझ्याच नियमानं, माझ्याच शिष्येच्या हातून, वर माझे आभार मानून. तिला शिव्या द्यायलाही तिनं जागा ठेवली नव्हती.

शुक्रवारी प्रमुखाचं पत्र आलं, मला उद्देशून, तिला प्रत. त्यानं लिहिलं होतं, बदल करणारे पुष्कळ मिळतात, माणसं घडवणारे मिळत नाहीत. तुमच्या कंपनीतून कुणाला किल्ली द्यायची याचा विचार चालू होता, दोन नावं समोर होती. या पत्रानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. तुम्ही घ्याल का?

दोन नावं. म्हणजे ती माझ्याबरोबरीला आलेली होती, आणि तिच्याच पत्रानं तिचं नाव मागे पडलं होतं.

रविवारी ती पेढे घेऊन घरी आली. "काकू, ताईंना किल्ली मिळतेय," म्हणत आईच्या पाया पडली. आईला किल्ली म्हणजे काय ते समजावून सांगितलं, मग मंगळवारपासूनची सगळी गोष्ट सांगितली. "ताईंनी इतक्या सहज सांगितलं, काकू. स्क्रीनवरून मान पण वर केली नाही. मला खरंच वाटलं की त्यांना असंच म्हणायचंय." आई पेढा हातात धरून ऐकत होती. मधे एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला उठले.

ती गेल्यावर आईनं ताटल्या उचलल्या, धुतल्या, पुसून ठेवल्या. मी टीव्ही लावला. ती येऊन शेजारी बसली आणि टीव्ही बंद केला.

"तू तिची परीक्षा घेत नव्हतीस."

"नाही."

"तिला सांगणार आहेस?"

"नाही."

"ती किल्ली तू घेतलीस तर तिला मिळणार नाही?"

"एका कंपनीतून एकच देतात."

आई रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "घ्यायची तर घे. पण निदान यापुढे तिच्याशी गोड बोलू नकोस. तेवढं तरी सोड."

मी खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला आणि प्रमुखाला होकार लिहिला. त्यांच्या रीतीप्रमाणे खाली एका माणसाचं नाव द्यावं लागे, ज्यानं आपलं काम जवळून पाहिलं आहे आणि जो यादीवर आपली शिफारस लिहील. मी दुसरं कुणी आठवून पाहिलं. माझं काम जवळून पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतंच. मी तिचं नाव दिलं आणि तिला फोन करून विचारलं, चालेल ना गं? ती म्हणाली, ताई, विचारताय काय. त्याच संध्याकाळी मुनिरक्यातल्या सायबर कॅफेत जाऊन तिनं शिफारस लिहिली. चांगली दीड पानाची आहे, यादीच्या जुन्या पत्रांत अजून सापडते. पहिला परिच्छेद माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आहे. त्याच्या पुढचं मी कधी वाचलं नाही.